दरोग्याचं आवतन

(पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. लाखनीच्या आसपासचं एक धानाचं गाव. गोमाजीच्या अंगणात त्याची बायको आनंदाबाई कुत्र्यावर बादलीनं पाणी ओतते आहे. गोमाजी तिला मदत करतो आहे, असं म्हणायला हरकत नाही.)

आनंदाबाई : मान धरा ना तेची! कानात पानी जाऊन राह्यलं.

गोमाजी : धरली तं आहे.

आनंदाबाई : अशी धरतेत? बाजारात कोहळं धरल्यावानी? पाहा, पाहा, पाय कसे लटपटून राह्यले. सकाळी हाच मंगरूच्या कोंबड्यामागं धावत होता ना?

गोमाजी : ऊन लागलं असन. पावसानं उघडीप देली का असंच ऊन पडते. निजू दे तेले.

आनंदाबाई : निजला नाई तो. डोळे उघडे आहेत. दरोगा! अरे दरोगा! माय वं, नाव घेतलं तरी पाहत नाई. लाळ तं थांबूनच नाई राह्यली. अन् हे पान्यात पिवळं काय निंगते?

गोमाजी : कुठं पिवळं?

आनंदाबाई : हे काय. खांद्यापासून निंगते. जेवढं धुतो तेवढं निंगते.

गोमाजी : माती असन. तलावाच्या पाळीवर लोळला असन.

आनंदाबाई : मातीले हळदीचा वास येते का?

गोमाजी : आज घरात सारीकडं हळदच आहे. चांद्या बैलाची खांद मळली ना मी आत्ता, तेलहळदीनं. तेलाच्या वाटीत तोंड घातलं असन यानं.

आनंदाबाई : वाटी तं तुम्ही घासून पालथी घालून ठेवली. चाळीस वर्सात एक भांडं घासलं नाई तुम्ही, अन् आज वाटी घासली.

गोमाजी : सनाचा दिवस आहे. घासली एखांद्या वेळी.

आनंदाबाई : मी सांगतो तुम्हाले, हे मंगरूचंच काम आहे. सकाळपासून पाठीवर पंप घेऊन धानाच्या बांधीत फवारून राह्यला तो. दरोगा तेच्याच बांधीतून आला. तेथचं पानी पेला असन.

गोमाजी : मंगरूचं नाव कायले घेतेस?

आनंदाबाई : मंग कोनाचं घेऊ? तुमचं घेऊ?

गोमाजी : मी कायले... पानी ओत तू.

आनंदाबाई : पान्यानं काई होत नाई. तीन बादल्या झाल्या. फोन लावा ढोरडाक्तरले.

गोमाजी : पोळ्याच्या सुटीत कोन उचलते फोन?

आनंदाबाई : उचलन. तो अनुप डाक्तर उचलते. द्या इकडं, मीच लावतो... हालो! हालो डाक्तरसाहेब? मी आनंदाबाई, गोमाजीच्या घरून.

अनुप : बोला काकू, पण लवकर बोला. माझा एक हात म्हशीच्या आत आहे.

आनंदाबाई : काय म्हनता?

अनुप : म्हैस अडली आहे इथं टोलीवर. वासराची मान मागं वळली. फोन म्हशीचा मालक माझ्या कानाले धरून उभा आहे. बोला.

आनंदाबाई : डाक्तरसाहेब, आमचा दरोगा मरून राह्यला जी!

अनुप : कोण दरोगा?

गोमाजी : कुत्रा. कुत्रा आहे.

अनुप : अच्छा, काका पण आहेत. ठीक. काकू, रडू नका, मी विचारतो तेवढंच सांगा. थरथर कापते, की ढिला पडला?

आनंदाबाई : ढिला. ओल्या पोत्यावानी.

अनुप : कान हातात घ्या. गार की गरम?

आनंदाबाई : गार. एकदम गार.

अनुप : वरचा ओठ उचला. हिरड्या कशा दिसतात?

आनंदाबाई : पांढऱ्या. फिक्कट. काहो, तुम्ही पाहा ना, मले दिसून नाई राह्यलं.

गोमाजी : फिक्क्या आहेत.

अनुप : डोळ्याची बाहुली? बारीक झाली की मोठी?

गोमाजी : मोठी. भल्ली मोठी झाली.

अनुप : हं. खाल्लं काय त्यानं?

आनंदाबाई : सकाळी भाकर खाल्ली. मंग शेजारचा मंगरू फवारत होता, तेच्या बांधीतून आला. डाक्तरसाहेब, तूप पाजू का? वाटी आनून ठेवली मी.

अनुप : बिलकुल नाही! तूप नाही, दूध नाही, मिठाचं पाणी नाही. तोंडातून काहीच नको. गिळता येत नसेल तर सरळ फुप्फुसात जाईल, अन् मग मी काहीच करू शकणार नाही. ठेवा ती वाटी घरात.

आनंदाबाई : ठेवतो. ठेवली.

अनुप : काका, मागच्या बाजाराच्या दिवशी तुम्हाले गोचिडाचं औषध देलं होतं मी. ते लावलं?

गोमाजी : लावलं. बैलाले.

अनुप : अन् कुत्र्याले?

गोमाजी : बैलाले लावलं म्हनलं ना.

अनुप : ठीक आहे. मग फवारणीचंच म्हणायचं. त्यात बाहुली बारीक होते, ती जुळत नाही मले... पण असू द्या. फवारणीच्या विषाचा उतारा बॅगेतच आहे. म्हैस मोकळी झाली की सरळ तुमच्याकडे येतो अन् आल्या आल्या टोचतो. काकू, मंगरूनं कोणतं औषध मारलं, त्याचा डब्बा पाहून या. मालक, फोन सोडू नका ना! कळ आली तिले, ओढा, ओढा—

आनंदाबाई : हालो? कटला.

गोमाजी : येतो म्हनला ना. झालं मंग.

आनंदाबाई : काय झालं? मी मंगरूकडं जातो.

गोमाजी : बस इथं.

आनंदाबाई : बसू कशी? डब्बा पाहून या म्हनलं डाक्तरनं. अन् मी नुसता डब्बा नाई पाहत, तेच्या सात पिढ्या काढतो आज. मुक्या जीवाच्या वाटेवर इख फवारते मेला! पंचफुलाले बी सांगतो, तुया नवऱ्यानं—

गोमाजी : बस म्हनलं ना वं!

आनंदाबाई : कायले बसू? तुम्हाले काय आहे तेचं? तुमच्या तं मनासारखं होऊन राह्यलं.

गोमाजी : काय म्हनलीस?

आनंदाबाई : खरं तेच म्हनली. तीन वर्सं झाले, आपल्या भुपेंद्रानं चिखल्याच्या खदानीवरून थैलीत घालून आनला होता याले. एवढासा होता. त्या दिवशीपासून तुम्ही म्हनता, घेऊन जा, घेऊन जा, फुकटची भाकर खाते. भुपेंद्रा नागपूरले गेला, भाड्याच्या खोलीत कुत्रा नाई ठेवू देत, म्हून इथं राह्यला बिचारा. तेच्याशी एक सबद बोलले नाई तुम्ही. दिसला का हाड, आला का हाड. तेले वाटत असन आपलं नावच हाड आहे.

गोमाजी : कुत्र्यासंगं काय बोलतेत?

आनंदाबाई : उद्या भुपेंद्राची खुशबू येऊन राह्यली. कालपासून चारदा फोन केला पोरीनं. आजी, दरोग्याले हार करजो. आजी, दरोग्याले दाखव. काय दाखवू तिले? हे दाखवू?

गोमाजी : लाळ पूस तेची.

आनंदाबाई : अन् सकाळी मी साधं विचारलं तुम्हाले, उद्या पानं किती मांडू, तं कुत्र्यावानी अंगावर आले. "एक! बैल एक तं पान एक!" हिऱ्या गेला म्हून का मले दुःख नाई? माया हातची पोळी खात होता तो बारा वर्सं. दोन पानं मांडाची सवय आहे हाताले. तोंडातून निंगलं.

गोमाजी : हिऱ्याचं नाव नोको काढू.

आनंदाबाई : काढीन. साप डसला, तुम्ही काय करनार होते? पन आषाढापासून घरात एका मानसाचं तोंड असं झालं का जसं मीच डसली. सरका तिकडं. मंगरूकडं जातो मी.

गोमाजी : मंगरूनं काई नाई केलं.

आनंदाबाई : तुम्हाले काय ठावं?

गोमाजी : मंगरू झिंक मारून राह्यला. धान पिवळा पडला म्हून. खत आहे ते, इख नाई. सकाळी मीच पुडी पाह्यली तेची.

आनंदाबाई : मंग हे काय झालं याले?

गोमाजी : मी केलं.

आनंदाबाई : काय केलं?

गोमाजी : अर्धं झाकन.

आनंदाबाई : कसलं झाकन? सरळ सांगा ना, जीव जाऊन राह्यला इथं.

गोमाजी : गोचिडाचं औषद. डाक्तरले मी बाजारात विचारलं होतं, का बैलाले किती अन् कुत्र्याले किती. तो म्हनला, बैलाले दोन झाकनं, कुत्र्याले अर्धं. मी अर्धंच घेतलं. थेंब जास्त नाई घेतला.

आनंदाबाई : अन्?

गोमाजी : तेलात कालवलं.

आनंदाबाई : कोनत्या तेलात?

गोमाजी : चांद्याची खांद मळली. जवसाचं तेल अन् हळद. वाटीत दोन बैलाचंच तेल घेतलं गेलं, दरसालावानी. माया बी हाताले सवय आहे ना. चांद्याचं झालं अन् अर्धी वाटी उरली. पळसाचं पान हातात तसंच. हिऱ्याचा खुटा रिकामा. अन् तिथं हा बसला होता. हिऱ्याच्या जागेवर. आषाढापासून तिथंच बसते.

आनंदाबाई : तुम्ही दरोग्याची खांद मळली?

गोमाजी : हास. हास तू.

आनंदाबाई : मी हासून नाई राह्यली.

गोमाजी : मानेवर गोचिडच गोचिड झाले होते तेच्या पावसानं. म्हनलं, तेल लावतोच आहो तं औषद बी तेलातच जाऊ दे. दोन्ही कामं एकाच हातानं. चांगलं जिरवलं. खांद्यापासून पाठीपावतर. गप बसून होता तो. वरतून माया हात चाटला.

आनंदाबाई : चाटला बी?

गोमाजी : खांदा बी चाटला असन मंग. चवदार लागलं असन तेल.

आनंदाबाई : अन् हे तुम्ही आत्ता सांगता? डाक्तर विचारत होता तवा तोंडात काय भरलं होतं?

गोमाजी : फोनवर तो म्हशीचा मालक आयकत होता. उद्या तोरनाखाली सारा गाव जमते. गोमाजीनं कुत्र्याची खांद मळली, बैलाचा मान कुत्र्याले देला. माया बापानं असं कधी—

आनंदाबाई : तुमच्या बापाच्या मानाले काय करू मी? लावा फोन!

गोमाजी : लावतो. लावून राह्यलो. बोटं ओले आहेत, दबूनच नाई राह्यलं.

आनंदाबाई : पुसा धोतराले! लागला?

गोमाजी : वाजते. उचलत नाई.

आनंदाबाई : पुन्हा लावा. तो भलतं इंजेक्शन घेऊन येऊन राह्यला.

गोमाजी : वाजते... वाजते... आयकते का डाक्तर? उचल रे बापा, उचल.

आनंदाबाई : दरोगा, इकडं पाय बाबू. इकडं. श्वास पाहा ना किती वेळानं घेते.

गोमाजी : हालो! डाक्तरसाहेब! ते इंजेक्शन नोका देऊ!

अनुप : कोण? काका? अजून वासरू निघालं नाही, काय झालं?

गोमाजी : मंगरूचं काई नाई. मी लावलं. गोचिडाचं. कुत्र्याले.

अनुप : काय? मी विचारलं होतं ना तुम्हाले?

गोमाजी : विचारलं होतं.

अनुप : किती लावलं?

गोमाजी : तुम्ही सांगतलं तेवढंच. अर्धं झाकन.

अनुप : अर्ध्या झाकणानं असं होत नाही. किती पाण्यात?

गोमाजी : पानी नाई. तेलात.

अनुप : तेलात?

गोमाजी : तेलात. जवसाच्या.

अनुप : काका. अर्धं झाकण बादलीत टाकायचं असते. बादलीभर पाण्यात. सगळ्या गावाले माहीत आहे बादलीत टाकतात.

गोमाजी : बैलाचं बादलीत, ते ठावं आहे. कुत्र्याचं तुम्ही नुसतं अर्धं झाकन म्हनले. बादली म्हनलेच नाई. मले वाटलं, लहान जनावर, तेले कायले बादली.

अनुप : नाही म्हटलं मी बादली?

गोमाजी : नाई म्हनले. तुमच्याभोवती वीस मानसं होते बाजारात.

अनुप : बरं. चूक माझी पण आहे. पण काका, तुम्ही सांगितलं नसतं, तर माझ्या बॅगेतला उतारा यावर उलटा पडला असता. तिकडं जो उतारा, तोच इकडं घात. माझ्याच हातानं गेला असता तुमचा दरोगा. बरं झालं. आता ऐका, काकू पण ऐका. साध्या पाण्यानं तेल निघत नाही. भांड्याची साबण घ्या. अंगाची नाही, कपड्याची नाही, भांड्याची.

आनंदाबाई : आहे. वडी आहे.

अनुप : पाणी कोमट. गरम नाही, थंड पण नाही. फेस करा, धुवा, पुन्हा फेस, पुन्हा धुवा. तीन वेळा. हाताले तेलकट लागणं बंद झालं पाहिजे. मग कोरडा करा अन् गुंडाळून ठेवा, गार पडू देऊ नका. त्याले अंग चाटू देऊ नका. अन् काका, तुमचे स्वतःचे हात धुतले का?

गोमाजी : माये हात?

अनुप : हो, तुमचे हात! तुम्हीच चोळलं ना? तुमच्या पण कातड्यात जाते ते. आधी तुम्ही धुवा. मालक, आता हळू... पुढचे पाय हातात आले माझ्या... ओढा, एका दमात—

आनंदाबाई : काय झालं?

अनुप : निघालं! निघालं काकू! वगार आहे. जिवंत आहे. शिंकली! मी लाखनीले जाऊन येतो. याचं इंजेक्शन दवाखान्याच्या कपाटात आहे, चावी माझ्याजवळच आहे. अर्धा तास धरा. नाल्यावर पाणी असलं तर हायवेनं फिरून येतो, मग पाऊण. तोपर्यंत धुवा!

आनंदाबाई : चुलीवर पानी आहे. पुरनासाठी ठेवलं होतं. आना.

गोमाजी : किती कोमट?

आनंदाबाई : भुपेंद्रा बारका होता तवा किती कोमट आनत होते? तेवढंच. हात धुवा आधी!

गोमाजी : धुतले. हे घे.

आनंदाबाई : तुम्ही घासा. तुम्हीच मळलं ना? तुम्हीच काढा. मी पानी सोडतो.

गोमाजी : असं?

आनंदाबाई : जोर नोका लावू, दुधाचा गंज नाई तो. बोटानं. केसाच्या मुळापावतर. हं. आला पाहा फेस. पिवळाधम्मक.

गोमाजी : केवढा जिरवला होता मी.

आनंदाबाई : कायले पन? तेवढं सांगा मले. तीन वर्सं हाड हाड, अन् आज एकाएकी खांद मळाचं काय सुचलं?

गोमाजी : पानी सोड.

आनंदाबाई : सोडून राह्यली. बोला.

गोमाजी : हिऱ्याले साप डसला ना, तवा हा भुकला होता.

आनंदाबाई : भुकला असन. कुत्रा आहे.

गोमाजी : तसं नाई. पहाटे गोठ्यात भुकून राह्यला होता. जीव तोडून. माही झोपमोड झाली. मी उठलो अन् बैल हाकाची तुतारी फेकून मारली तेले. कमरेवर बसली. कुईं केलं, तरी हालला नाई तिथून, पुन्हा भुकला. मी अजून एक धोंडा मारला. मंग गेला. मी येऊन निजलो. सकाळी पाह्यलं तं हिऱ्या आडवा.

आनंदाबाई : तुम्ही सांगतलं नाई मले.

गोमाजी : काय सांगू? तो मले सांगून राह्यला होता अन् मी तेले धोंडा मारला. मी गोठ्यात कंदील नेला असता तं माहा बैल वाचला असता. त्या दिवसापासून हा हिऱ्याच्या खुट्याजवळ बसते. माया तोंडाकडं पाहते. मले तेच्या डोळ्याकडं पाहवत नाई. पयले उगाच म्हनत होतो, आता म्हून हाड म्हनतो.

आनंदाबाई : मान वर धरा तेची, डोळ्यात साबन जाईन.

गोमाजी : आज पान हातात होतं, तेल होतं. म्हनलं, एवढं तरी करू. अन् इखच लावलं मी तेले. धोंडा मारला तो बरा होता.

आनंदाबाई : नाक पुसा. तेच्या अंगावर गळून राह्यलं.

गोमाजी : घाम आहे.

आनंदाबाई : घामच आहे. दुसऱ्या खेपेचा फेस पाहा, कमी पिवळा आला. घासा अजून.

गोमाजी : हाताले तेलकट लागून राह्यलं अजून.

आनंदाबाई : तिसऱ्यांदा घासा. दरोगा, उठ रे लेकरा. तुया बापानं— काई नाई, तुया मालकानं चूक केली. मानसंच चुकतेत.

गोमाजी : आता नाई लागत तेलकट. पाय तू.

आनंदाबाई : नाई लागत. पुसा आता. माहं जुनं लुगडं आहे दोरीवर, ते घ्या. पोटाखालून पुसा.

गोमाजी : कापून राह्यला.

आनंदाबाई : कापू द्या. मघाशी तेवढं बी करत नव्हता. गुंडाळाले काय घेऊ? वाकळ तं ओली आहे.

गोमाजी : हिऱ्याची झूल काढ.

आनंदाबाई : झूल?

गोमाजी : पेटीत आहे. आरशे लावलेली, लाल.

आनंदाबाई : ठावं आहे मले कुठं आहे. मीच टाके घातले तिले. पन ती तं तुम्ही कोनाले हात लावू नाई देत.

गोमाजी : काढ म्हनलं ना. जाड आहे. ऊब राहीन.

आनंदाबाई : घ्या. पाय बाई कसा दिसते. मुंडकं तेवढं भायेर.

गोमाजी : आरसा टोचते का तेले? उलटी कर. अस्तर आत घे.

आनंदाबाई : गाडी वाजली. डाक्तरच आहे. या जी, या, इकडं या!

अनुप : सरका थोडे. नाल्यावर पाणी होतंच, हायवेनं आलो, ट्रकच ट्रक. धुतला? वास घेऊ द्या... चांगला धुतला. हे काय गुंडाळलं?

आनंदाबाई : झूल आहे, बैलाची.

अनुप : असू द्या, ऊब आहे. पाय बाहेर काढा एक. काका, तुम्ही धरा. घट्ट.

गोमाजी : धरतो. धरला.

अनुप : हृदय मंद आहे. फार मंद. टोचतो आता. झालं. आता थांबायचं.

आनंदाबाई : किती वेळ?

अनुप : वीस मिनिटं तरी. चहा नका करू काकू, बसा. माझं तर दर सणाले हेच. होळीत रंग चाटलेलं कुत्रं, दिवाळीत फटाक्यानं पळालेलं, मंडईच्या जत्रेत मोटारसायकलखाली आलेलं. परवा करीच्या दिवशी मटणाचं हाड घशात अडकलेली चार तरी येतील. थंडीत कोणी अंगणात बांधून विसरते, उन्हाळ्यात टिनाखाली. कोणी मुद्दाम करत नाही. सगळे म्हणतात, आम्हाले माहीत नव्हतं.

गोमाजी : मले बी ठावं नव्हतं.

अनुप : तुम्हाले नाही बोललो काका. मी पण आजपासून बादली म्हणत जाईन. कान धरा जरा त्याचा. कसा लागते?

गोमाजी : गार... नाई. मुळाशी थोडा ऊन लागते. भुपेंद्राची माय, तू पाय.

आनंदाबाई : हो. मुळाशी ऊन आहे.

गोमाजी : डाक्तर, उद्यापावतर राहीन का हा?

अनुप : खोटं नाही सांगत. इंजेक्शनचा जोर उतरला की पुन्हा ढिला पडू शकते. तसं वाटलं तर लगेच फोन करा, दुसरं टोचतो. अर्धं काम मी केलं, अर्धं त्याले करायचं आहे. सकाळी डोकं उचललं तर समजा निघाला. अंधार पडायच्या आत मले त्या म्हशीकडं जायचं आहे, वार पडली नाही अजून. तुम्ही त्याच्याजवळ बसा, अन् बोलत राहा.

गोमाजी : काय बोलू?

अनुप : काहीही. ओळखीचा आवाज असला की बरं असते त्याले. येतो काकू.

आनंदाबाई : या जी. उद्या पोळी खाले या.

गोमाजी : गेला डाक्तर.

आनंदाबाई : बोला ना मंग तेच्यासंगं.

गोमाजी : तू बोल. तुयी ओळख आहे.

आनंदाबाई : मी तं दिवसभर बोलतो, माहं काय नवं? तुम्ही बोला.

गोमाजी : मले काई येत नाई. हाडशिवाय सबद नाई देला कधी.

आनंदाबाई : चांद्याची खांद मळली तवा काय म्हनले चांद्याले?

गोमाजी : आवतन देलं. दरसाली देतो तसं.

आनंदाबाई : अन् याची मळली तवा?

गोमाजी : याले कायले आवतन? कुत्र्याले कोनी आवतन देते का?

आनंदाबाई : खांद मळाले कुत्रा नव्हता अन् आवतनाले कुत्रा झाला? अर्धवटच काम केलं ना तुम्ही. खांद मळली अन् जेवाले बलावलंच नाई. कायले थांबन तो उद्यापावतर?

गोमाजी : लोक हासतीन.

आनंदाबाई : अंगनात कोनी नाई. मीच आहो. मी बी तोंड तिकडं करतो. केलं, घ्या.

गोमाजी : दरोगा... आयक रे. अरे इकडं. मी बोलून राह्यलो, मी. हाड नाई म्हनत. आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

आनंदाबाई : झालं?

गोमाजी : झालं.

आनंदाबाई : फिरू आता इकडं?

गोमाजी : थांब. पुन्हा एकदा म्हनतो. दरोगा, आज आवतन घे. उद्या जेवाले ये, बापा.

आनंदाबाई : आता फिरतो मी.

गोमाजी : भुपेंद्राची माय.

आनंदाबाई : हं.

गोमाजी : उद्या पानं दोन मांडजो. दरसालावानी.